भानबाचा डावा पाय

एका जंगलात, करवंदीच्या जाळ्या संपून दगडी कडा सुरू होतो तिथं, एक अस्वल राहायचं. त्याचं नाव भानबा. त्याची बायको कोंडाई. पदरात दोन पिल्लं, एक खोडकर आणि दुसरं त्याच्याहून खोडकर.

बाळांनो, भानबा साधासुधा नव्हता. तो राजाची गाडी चालवायचा. राजा म्हणजे वाघ. पट्टेराव महाराज.

राजाच्या सारथ्याला राहायला गुहा मिळायची. ऐन पावसातही कोरडी. थंडीत उबदार. आणि दारावरच मधाचं पोळं. नोकरी आहे तोवर गुहा. नोकरी गेली की गुहा गेली, अन् पोळंही गेलं. कोंडाईनं त्या गुहेत दोन बाळंतपणं काढली होती आणि आईकडून आलेलं जातं मधोमध रोवलं होतं. तिथून हलायचं तिच्या मनातही नव्हतं.

राजाची गाडी जुनी होती. जीप. तिचा गिअर टाकायचा म्हणजे झाड मुळापासून उपटायचं. डाव्या पायानं क्लच दाबायचा, डाव्या हातानं दांडी ओढायची, की खर्रर्र! सात टेकड्यांवर आवाज जायचा. झाडावरच्या घारी म्हणायच्या, "चढला गं बाई भानबा घाट!"

वीस वर्षं क्लच दाबून दाबून भानबाचा डावा पाय उजव्याच्या दीडपट झाला होता.

आणखी एक. ती जीप एकदा बंद केली की पुन्हा सुरू व्हायची नाही. बारा बैल लावावे लागायचे. म्हणून भानबा ती बंदच करायचा नाही. इंजिन धडधडत ठेवायचा, टुणकन खाली उतरायचा, राणीसाहेबांचं दार उघडायचा आणि वाकून मुजरा करायचा. वीस वर्षांत मुजरा चुकला नाही.

संध्याकाळी घरी आला की कोंडाईच्या हातची कंदांची भाजी. कोंडाई रांधायची झकास. फक्त महिन्यातून एकदा, अमावास्येच्या सुमाराला, तिची भाजी खारट व्हायची. अशी खारट की पिल्लं ओढ्याकडं पळायची.

"कोंडे, आज काय झालं गं?"

"हात चळला, अहो."

दुसऱ्या दिवशी भाजी नीट झाली की भानबा पंजा चाटूनपुसून म्हणायचा, "तुझ्या हाताला चव आहे हो, कोंडे! तू आहेस म्हणून चाललंय आपलं."

ही भाजी झाकून ठेवा, बाळांनो. पुढं लागेल.

तर एका भाद्रपदात काय झालं, राजाचा कारभारी कोल्होबा धावत आला.

"महाराज, शेजारच्या रानातल्या राजानं नवी गाडी घेतली. ती आपोआप चालते."

झालं. राजाला दुसऱ्याचं सुख कधी सोसलंय? आठ दिवसांत नवी गाडी दारात. पांढरी, गुळगुळीत, अंड्यासारखी. गाडी घेऊन एक माकड आलं होतं. शहराच्या वेशीवर राहून चार अक्षरं शिकलेलं. गळ्यात टाय, खाली शेपूट.

माकड म्हणालं, "हिला क्लच नाही."

भानबा वाकून बघायला लागला. "कुठं पडला?"

"पडला नाही, काका. नसतोच हिला. गिअर ती आपली आपण बदलते. दोनच पेडल. एक पळायचं, एक थांबायचं. दोन्ही उजव्या पायानं."

"मग डाव्या पायानं काय करायचं?"

"काही नाही. त्याला आराम."

भानबानं आपल्या डाव्या पायाकडं बघितलं. वीस वर्षं नांगर ओढलेल्या बैलाला सांगा, आजपासून तुला आराम. तो काय करेल? सकाळी उठून नांगरापाशीच उभा राहील.

मग माकडानं दांडी दाखवली. तिच्यापाशी चार अक्षरं लिहिलेली. भानबाला अक्षर ओळखू येत नव्हतं. पण त्याला म्हशी ओळखू यायच्या. त्यानं मनात बसवून घेतलं. दांडी सगळ्यात पुढं असली की म्हैस बसली. जरा अलीकडं घेतली की म्हैस मागं सरकली. आणखी अलीकडं घेतली की म्हैस नुसती रवंथ करतेय, कुठंच जात नाही. आणि पार मागं ओढली की म्हैस पुढं चालली.

"उलटंच आहे की सगळं," भानबा म्हणाला. "पुढं जायचं तर दांडी मागं ओढायची?"

"शहरात असंच असतं, काका," असं म्हणून माकड निघून गेलं.

पहिली फेरी निघाली. मागं राजा-राणी, पुढं भानबाशेजारी कोल्होबा. आत एक पट्टा होता, पोटावरून बांधायचा. राजा म्हणाला, "आम्हाला कोण बांधतो?" मग कुणीच बांधला नाही.

गाडी निघाली. आवाज नाही, धूर नाही. राणीसाहेबांच्या मांडीवर लाडवांचं ताट. जुन्या उंबराचं वळण आलं. तिथं भानबा वीस वर्षं गिअर बदलायचा. त्याचं डोकं म्हणालं, काही करू नकोस. पण पाय डोक्याला विचारत नाही, बाळांनो. भानबाचा तो दीडपट डावा पाय उठला, क्लच म्हणून जे सापडलं त्यावर दाणकन पडला. तो होता ब्रेक.

गाडी जागीच थांबली. आतले थांबले नाहीत. राजा दोन खुर्च्यांच्या मधून पुढं आला आणि समोरच्या काचेला नाक लावून बसला. मिशा काचेवर पसरल्या. लाडू कोल्होबाच्या कानांत गेले.

"भानबाऽऽ!"

"चुकलं, सरकार. पाय चुकला."

पुढच्या वळणाला पाय पुन्हा चुकला. त्याच्या पुढच्यालाही चुकला. राजाच्या नाकाचे काचेवर तीन ठसे उमटले.

एवढ्यावर भागलं असतं. पण नदीकाठ आला आणि भानबाला वीस वर्षांचा मुजरा आठवला. ब्रेक दाबला, इंजिन चालूच ठेवलं, टुणकन उतरला, राणीसाहेबांचं दार उघडलं, वाकून मुजरा केला. कोल्होबाही कानांतले लाडू काढायला खाली उतरला.

म्हैस बसवायची राहिली.

चाक एका दगडाला अडलं होतं. राणीसाहेब उतरल्या, गाडी हलकी झाली आणि दगडावरून हळूच चालायला लागली. धन्याच्या वाटेनं शेळी निघावी तशी. आत एकटा राजा.

"थांब!" राजा गाडीला म्हणाला. "आमची आज्ञा आहे! थांब म्हणतो ना!"

गाडीनं आजवर कुणी राजा पाहिला नव्हता. ती आपली चालली. मागून भानबा, त्याच्यामागून कोल्होबा. शेवटी ती एका वारुळात शिरली आणि तिथं अडकली. वारुळातल्या मुंग्या राजदर्शनाला उघड्या दारातून आत आल्या.

बाळांनो, राजा चिडला ते चावल्यामुळं नव्हे. सगळ्या जंगलानं त्याला खाजवताना पाहिलं म्हणून.

"भानबा," राजा म्हणाला, "घटस्थापनेला वाघजाईच्या टेकडीवर जायचंय. वाटेत एक गचका बसला, तर दसऱ्याला गुहा रिकामी करायची."

भानबा तोंड पाडून घरी आला. भाजी पुढं होती, पण घास उतरेना. सगळं ऐकून कोंडाई उठली. जात्यापाशी जाऊन नाचणी दळायला बसली. उजवा पाय लांब, डावा पाय मुडपून मांडीखाली.

"माझ्याकडं बघा," ती म्हणाली.

"बघतोय की वीस वर्षं."

"माझं तोंड नका बघू. पाय बघा. डावा कुठंय?"

"मांडीखाली."

"का?"

"का म्हणजे? बायका तशाच बसतात."

"अहो, दळताना त्याचं काही काम नाही. मोकळा सोडला तर जात्याला लाथ मारतो, पीठ सांडतो. बिनकामाच्याला दाबून बसावं लागतं. कळलं?"

भानबाला कळलं. आठ दिवस तो जात्यापुढं बसला. डावा पाय मुडपलेला, उजव्या पायापुढं दोन झाकणं, एक पळायचं, एक थांबायचं. हातात दांडी म्हणून पळी. मागं एक पिल्लू राजा झालं, दुसरं राणी.

"वळण आलं, बाबा!" पिल्लू ओरडायचं.

डावा पाय थरथरायचा. भानबा त्याच्यावर आणखी दाबून बसायचा.

"उतरायच्या आधी काय करायचं?" कोंडाई विचारायची.

"म्हैस बसवायची."

"मग?"

"मग मुजरा."

घटस्थापनेचा दिवस आला. राणीसाहेबांच्या हातात देवीला काठोकाठ दुधानं भरलेला तांब्या. टेकडीला अकरा वळणं. भानबा डावा पाय मांडीखाली घेऊन बसला. पायाला मुंग्या आल्या. पाय दगड झाला. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपटपला. पण अकरा वळणांत एक गचका नाही. दुधाचा थेंब सांडला नाही. तिसऱ्या वळणाला राजाला झोप लागली, ती थेट देवळाच्या दारात उघडली.

भानबानं म्हैस बसवली. लंगडत उतरला. मुजरा केला. छाती अशी फुगली होती की केस उभे राहिले होते.

राजा आळस देऊन म्हणाला, "वा! काय गाडी आहे!"

"झोप लागली, महाराज?" कोल्होबानं विचारलं.

"आईच्या पोटात लागत असेल तशी. फार हुशार गाडी."

"आपोआप चालते ना," कोल्होबा म्हणाला. "गिअर तीच टाकते. सगळं तीच करते. मी शेजारी बसून पाहत होतो. भानबा तर मांडी घालून बसला होता."

"मांडी घालून?"

"जेवायला बसावं तसा, महाराज."

राजानं भानबाकडं बघितलं. मग त्याच्या पायाकडं बघितलं. "गाडी आपोआप चालते, तर मग आम्ही गुहा कशासाठी देतो?"

भानबा बोलायला पुढं झाला. पण मुंग्या आलेला पाय मुडपला आणि तो खालीच बसला.

"दसऱ्याला आम्ही स्वतः चालवू," राजा म्हणाला. "कारभारी, यांना गुहा सोडायला सांगा."

बघा बरं, गचका बसला तर गुहा जाणार होती. गचका बसला नाही, तरी गेली.

दसऱ्याच्या सकाळी कोंडाईनं जातं उपटलं. वरची तळी भानबाच्या डोक्यावर, खालची तिच्या. पिल्लांच्या गळ्यात पळी आणि झाकणं. चौघं खालच्या वाटेनं निघाली.

"माझं काय चुकलं गं, कोंडे?" भानबा म्हणाला. "एक थेंब सांडला नाही."

"तेच चुकलं."

"म्हणजे?"

कोंडाई थांबली. डोक्यावरचा दगड सावरला. "अहो, अमावास्येला भाजी खारट होते ना आपल्याकडं?"

"होते. हात चळतो तुझा."

"अठरा वर्षं बरोब्बर अमावास्येलाच चळतो?"

भानबा जागच्या जागी उभा राहिला. पिल्लं त्याच्या पायांवर आदळली.

"लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी रोज नीट रांधलं," कोंडाई म्हणाली. "तुम्ही रोज जेवलात, रोज ढेकर दिलात, रोज झोपलात. एकदा तरी नाव घेतलंत माझं? तुम्हाला वाटायचं, भाजी काय, आपोआपच होते. मग एकदा खरंच मीठ जास्त पडलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, 'कोंडे, तू आहेस म्हणून चाललंय.' त्या दिवसापासून मी एक अमावास्या चुकवली नाही."

भानबाचा जबडा खाली आला तो आलाच. अठरा वर्षांचं मीठ त्याच्या जिभेवर एकदम उतरलं.

इतक्यात वरून बँड ऐकू आला. राजवाड्यापुढं गाडीची पूजा चालली होती. गाडीला झेंडूचे हार, वर आपट्याच्या डहाळ्या. चारी चाकांच्या पुढं चार लिंबं ठेवलेली. गाडीनं पुढं जाऊन लिंबं चिरडायची, की दृष्ट निघाली. मागं उतार, आणि उताराखाली म्हशींचं डबकं. पण मागं कोण बघतंय? जायचं होतं पुढं.

राजा सारथ्याच्या जागी बसला. शेजारी कोल्होबा. राजानं ब्रेकवर पाय ठेवला आणि कोल्होबाच्या सांगण्यावरून दांडी पार मागं ओढली.

"भानबा अशीच मागं ओढायचा, महाराज. मी बघितलंय."

राजानं त्याच्याकडं असं बघितलं की कोल्होबाची शेपूट बारीक झाली. "भर दसऱ्याला, सगळ्या प्रजेपुढं, राजा मागं ओढेल?"

"चुकलो, महाराज. राजा नेहमी पुढंच."

राजानं दांडी पुढं ढकलली. म्हैस रवंथ करायला लागली. राजानं आणखी पुढं ढकलली. मग ब्रेकवरचा पाय उचलला आणि पळायच्या पेडलवर दिमाखात ठेवला.

गाडी मागं सुटली, बाळांनो! बँडवाली गाढवं दोन्ही बाजूंना उडाली. हार सुटले, डहाळ्या उडाल्या. राजा काचेतून समोर बघत होता आणि त्याची प्रजा त्याच्यापासून लांब लांब चालली होती. चारी लिंबं जागच्या जागी, आख्खी, पिवळीधमक. आणि गाडी धबाक्‌ करून डबक्यात.

डबक्यातल्या म्हशी म्हणाल्या, "जरा बघून! आमची अंघोळ चालली आहे."

राजानं घाबरून पेडल आणखी दाबलं. चाकं जागच्या जागी फिरली, काठावरच्या प्रजेवर चिखलाचा सडा पडला. गाडी खाली खाली चालली. पाणी राजाच्या मांडीपर्यंत आलं.

त्याच वेळी खालच्या वाटेनं डोक्यावर जातं घेऊन चौघं अस्वलं येत होती.

"भानबाऽऽ!" राजा काचेतून ओरडला. "हिला थांबव!"

भानबा धावणार, तोच कोंडाईनं त्याचा दंड धरला. "सरकार, आम्ही निघालोय. दसऱ्याला गुहा सोडायची, असा हुकूम आहे."

"कुणाचा हुकूम?" राजाच्या कमरेला पाणी लागलं.

कोंडाई कोल्होबाकडं बघत राहिली. कोल्होबा राजाकडं बघत राहिला. पाणी तेवढं वर येत राहिलं.

"गुहा तुमची!" राजा ओरडला. "नोकरी असो नसो! तुमच्या पिल्लांची, त्यांच्या पिल्लांची! पोळंसुद्धा! आता तरी ये!"

"ऐकलंत ना, गं म्हशींनो?" कोंडाई म्हणाली.

"ऐकलं," म्हशी म्हणाल्या.

मग भानबा पाण्यात शिरला. "सरकार, पाय उचला."

"कुठला?"

"दोन्ही."

राजा उड्या मारत मागच्या खुर्चीवर गेला. भानबा पुढं बसला. डावा पाय मांडीखाली घेतला. दांडी मागं ओढली, पार मागं. सगळ्या प्रजेपुढं. पळायचं पेडल इतकं हळू दाबलं, जसं झोपलेल्या पिल्लाच्या अंगावर पांघरूण घालावं. मागून म्हशींनी शिंगं लावली. गाडी एक बोट हलली, दोन बोटं हलली, आणि चिखलातून बाहेर आली. उतार चढली, राजवाड्यापुढं आली, आणि चारी लिंबांवरून गेली. चट्‌, चट्‌, चट्‌, चट्‌.

प्रजेनं टाळ्या वाजवल्या. झाडावरची एक खार ओरडली, "बघा गं बघा! गाडी चिखलातनं आपोआप आली!"

"खरंच की," राजा मागं टेकत म्हणाला. त्याला धीर आला होता. अंगावरचा चिखल वाळायला लागला होता. "आपोआपच..."

भानबानं बाजूच्या काचेतून मागं बघितलं. उताराखाली काठावर कोंडाई उभी होती. डोक्यावर जात्याची तळी. तिनं दोन बोटांनी चिमूट धरली, आणि हवेतल्या भांड्यात मीठ टाकलं.

भानबानं डावा पाय मांडीखालून काढला. वीस वर्षांचा, दीडपट पाय. दाणकन!

राजा दोन खुर्च्यांच्या मधून आला आणि काचेला नाक लावून बसला.

सगळं जंगल माना उंचावून बघायला लागलं.

"काय झालं?" राजानं काचेवरूनच विचारलं.

"गाडी बिथरली होती, सरकार," भानबा म्हणाला. "मी धरली."

कोल्होबा मोठा शहाणा. त्याला वारा लगेच कळायचा. "तर काय, महाराज! मघाशी मागं पळाली तीही बिथरूनच. आपण बरोबर पुढं ढकलली होती. ही गाडी भानबाशिवाय कुणाचं ऐकत नाही."

राजाला हे फार आवडलं. म्हणजे चूक गाडीची. त्यानं आपला चिखलानं भरलेला फेटा काढून भानबाच्या डोक्यावर ठेवला. "भानबा, तू आहेस म्हणून आम्ही आहोत."

कोंडाईनं संध्याकाळपर्यंत जातं पुन्हा रोवलं. गुहा त्यांची झाली, पिल्लांची झाली, पिल्लांच्या पिल्लांचीही व्हायची ठरली. पोळ्याला तर त्या वर्षी इतका मध आला की पिल्लं दाराला चिकटून राहायची आणि सोडवावी लागायची. भानबा गाडी अशी चालवायचा की दुधाचा थेंब सांडू नये. फक्त पौर्णिमेला, जुन्या उंबराच्या वळणावर, एक गचका. राजा नाक चोळत म्हणायचा, "सांभाळ रे बाबा!" आणि दिवाळीला गुहेवर एक बकरा जास्त पाठवायचा.

आणि अमावास्येला भाजी खारट लागली की भानबा पाणी न मागता खायचा. मान हलवून म्हणायचा, "कोंडे, तू आहेस म्हणून हो." कोंडाई पदर तोंडाला लावून हसायची. जसं त्या गुहेत पोळं भरलं, तसं तुमच्याआमच्या दारात भरो. मुंग्या न येता भरो.

तात्पर्य : आपलं काम चोख करावं, बाळांनो, अगदी गचका न बसू देता करावं. पण महिन्यातून एकदा मालकाचं नाक काचेला लावायला विसरू नये. नाही तर त्याला वाटतं, गाडी आपोआप चालते.